घोट्याजवळची जखम चार महिने झाले भरत नाहीये, आईसाठी विचारतेय

आई ६३ वर्षांची आहे. डाव्या पायाला आतल्या बाजूने घोट्याच्या जरा वर जखम झालीये, सुरुवात नुसत्या खाजवण्याने झाली, तिथली कातडी आधीपासूनच काळपट तपकिरी पडलेली आणि सारखी खाजायची. रोज ड्रेसिंग करतोय, अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, तरी लस गळते आणि संध्याकाळपर्यंत पाय सुजतो. शुगर नाहीये. पोटरीवर फुगलेल्या शिरा तर मी लहानपणापासून बघतेय, पण त्याचा जखमेशी संबंध असेल असं कोणीच बोललं नाही. आता एकजण म्हणतात घट्ट बँडेज बांधा, दुसरे म्हणतात अजिबात नको, रक्त अडेल. आई घाबरून चालतच नाही, दिवसभर पाय खाली सोडून खुर्चीत बसते. काय करू?

लालबटण
मी नर्स आहे, अशा जखमा रोज बघते. तुम्ही लिहिलंय त्यावरून व्हीनस अल्सर, म्हणजे शिरांच्या बिघाडामुळे होणारी जखम, वाटतोय, पण पाय बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. शिरांमधल्या झडपा खराब झाल्या की रक्त वर जायच्या ऐवजी खाली साठतं, दाब वाढतो, पाणी आणि रक्त कातडीत झिरपतं, काळपटपणा त्याचाच, आणि मग जरा ओरखडा गेला तरी भरत नाही. म्हणजे दुखणं जखमेत कमी आणि शिरेत जास्त, नुसती मलमं बदलून काय होणार! आधी कधी पायात रक्ताची गुठळी झाली होती का, फ्रॅक्चर, वजन जास्त, बरीच बाळंतपणं, तासन्‌तास उभं राहायचं काम, आईवडिलांना असल्या शिरा, हे सगळं डॉक्टरांना सांगा.

बँडेज हाच मुख्य उपाय आहे पण आधी एबीपीआय करून घ्या, घोट्याचं आणि दंडाचं बीपी डॉपलरने (रक्ताचा प्रवाह ध्वनिलहरींनी तपासणारं यंत्र) मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. साधारण ०.८ ते १.३ मध्ये असेल तर पूर्ण दाबाचं बँडेज चालतं. कमी आला तर धमनीतूनच रक्त कमी येतंय, तेव्हा घट्ट बांधलं तर पाय धोक्यात येतो, म्हणजे दुसरे म्हणतात तेही अगदीच चूक नाही. घरी क्रेप बँडेज ओढून ओढून बांधू नका प्लीज.

दुपारचीझोप
मला स्वतःला झालं होतं, दीड वर्ष अंगावर काढलं. वास यायचा म्हणून चार माणसांत जाणं सोडलेलं, त्यामुळे आईंना काय वाटत असेल ते कळतं. थरांचं बँडेज सुरू झाल्यावर पहिला आठवडा जड गेला, मग दुखणं कमी व्हायला लागलं. आणि त्यांना चालू द्या हो! पोटरीचा स्नायू दाबला गेला की रक्त वर ढकललं जातं, बसल्या बसल्या पंजा वरखाली केला तरी उपयोग होतो. आडवं झाल्यावर पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा, स्टुलावर ठेवून भागत नाही.

प्रश्न विचारणारी
एबीपीआय १.०५ आला, कालपासून बँडेज बांधलंय. डॉपलरमध्ये मोठ्या शिरेच्या झडपा खराब निघाल्या, लेझरने शीर बंद करू म्हणतात. जखम भरेपर्यंत थांबू का?

लालबटण
थांबायची गरज सहसा नसते. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ४५० पेशंटांच्या अभ्यासाचा निकाल आला, त्यात दोन्ही गटांना बँडेज होतंच, पण ज्यांची शीर लवकर बंद केली त्यांच्या जखमा साधारण ५६ दिवसांत भरल्या, थांबवलेल्यांच्या ८२ दिवसांत. पण खोल शिरा मोकळ्या आहेत ना हे सर्जनना विचारा.

अँटिबायोटिक मात्र आजूबाजूला लाली पसरली, ताप आला, दुखणं एकदम वाढलं तरच, नुसती लस गळते म्हणून नाही. पिण्याच्या साध्या पाण्याने धुतलं तरी चालतं. निओमायसिनवाली मलमं टाळा, अशा कातडीला ॲलर्जी पटकन येते. बँडेज लावल्यावर बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा जास्त ठणकायला लागलं तर लगेच सोडा आणि दाखवा. आणि १२ आठवड्यांत नीट बँडेज करूनही काहीच फरक नसेल तर बायोप्सीचं विचारा, क्वचित जुन्या जखमेत कॅन्सर निघतो.

दुपारचीझोप
भरली तरी दाबाचे मोजे सोडू देऊ नका. मी तीन महिन्यांत कंटाळून सोडले आणि त्याच जागी परत जखम झाली. सकाळी सूज यायच्या आधी, अंथरुणातच घालायचे, हाताला रबरी ग्लोव्हज घातले की सहज चढतात.