आईचे स्नायू झिजतायत, विसरायलाही लागलीये, काही संबंध असतो का?

गोदाकाठ_७: आई ७१ वर्षांची. गेल्या वर्षभरात पोटऱ्या अगदी बारीक झाल्यात, पाटल्या पार कोपरापर्यंत वर सरकतात, बरणीचं झाकण उघडत नाही म्हणून हाका मारते. आणि त्याच सुमाराला विसरणंही वाढलंय, परवा दूध गॅसवर ठेवून देवळात गेली. त्यात फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की स्नायू झिजले की डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होतो, ६० टक्के वगैरे. मामा म्हणतात वय झालं, चालायचंच. खरं काय आहे नक्की आणि आता धावपळ करून काही उपयोग होतो का?

शंकासुर: फॉरवर्ड अगदीच हवेतला नाहीये, अर्धवट आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठवाल्यांनी २०२४ च्या डिसेंबरात शिकागोला रेडिओलॉजीच्या परिषदेत मांडलेलं काम आहे ते. डिमेन्शिया नसलेल्या ६२१ ज्येष्ठांच्या एमआरआयमध्ये कानशिलाचा स्नायू मोजला, चावताना हलतो ना तो, आणि ज्यांचा लहान होता त्यांना पुढच्या काही वर्षांत डिमेन्शिया होण्याची शक्यता साधारण ६०% जास्त निघाली. इतरांपेक्षा जास्त, शंभरातल्या साठांना होतो असं नाही, घोळ तिथेच होतो. आणि कारण हेच, असं यातून सिद्ध होत नाही, कारण अल्झायमरचे (डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) बदल लक्षणं दिसायच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूत सुरू होतात, मग माणूस जेवत कमी, हलत कमी, वजन उतरतं. म्हणजे गाडी उलट्या दिशेनेही आलेली असू शकते.

फिजिओताई: बरोबर, पण मामांचं "चालायचंच" मला मान्य नाही. जाडीपेक्षा ताकद बघा. स्नायू झिजणं ओळखायच्या २०१९ च्या आशियाई निकषांत बायकांची हाताची पकड १८ किलोच्या खाली गेली की कमी धरतात. पकड मोजायचं यंत्र नसेल तर हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाचदा उठायला लावा (शेजारी उभ्या राहा), १२ सेकंद किंवा जास्त लागले तर दाखवून घ्या. आणि उपयोग होतो का म्हणाल तर १९९० साली बोस्टनला नव्वदीतल्या अशक्त आजी-आजोबांकडून आठ आठवडे वजनं उचलून घेतली, पायांची ताकद सरासरी १७४% वाढली. त्याने डिमेन्शिया टळतो असं मी म्हणणार नाही, पण पडणं आणि अंथरुणाला खिळणं नक्की लांबतं. नुसतं बागेत फिरून हे होत नाही हां, जोर लावावा लागतो.

वरणभात: व्यायाम नंतर, आधी बी१२, थायरॉइड, शुगर करून घ्या, विसरणं यांनीही वाढतं आणि ते बरं होऊ शकतं. मधे कधी पडल्या होत्या का तेही डॉक्टरांना सांगा. आणि जेवण बघा, आपल्याकडे म्हाताऱ्या बायका चहा-बिस्किटावर दिवस काढतात. या वयात वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, किडनी ठीक असेल तर. एका अंड्यात सहाएक ग्रॅम मिळतं, वरणाच्या पाण्यात जवळजवळ काहीच नाही.

गोदाकाठ_७: बी१२ कधीच केलं नाहीये, उद्याच करते. पण गुडघे दुखतात तिचे, उठबस जमेल?

फिजिओताई: खुर्चीवर जाड चादरीची घडी ठेवा, बैठक उंच झाली की गुडघ्यावर कमी येतं, सवय झाली की घडी पातळ करत जा. खुर्ची लाकडी घ्या, भिंतीला टेकवून. प्लॅस्टिकची नको, सरकते.