विषय: नाशिकची हवा आणि सैल होत चाललेले नियम

मंडळी, नमस्कार.

थंडीपुरती नाशिकरोडला सासूबाईंजवळ राहिले आहे. सकाळी उजाडताना बाहेर धुरकट थर दिसतो आणि घरात दोन खोकले सुरू होतात, सासूबाईंचा आणि पुतणीच्या लहानग्याचा. शाळेत जाताना आधी त्याचा श्वासाचा पंप दप्तरात टाकावा लागतो. दोष एकाचा नाही. महामार्गावरचे ट्रक, बांधकामांची धूळ, जाळलेला कचरा, निफाडकडे द्राक्षबागांत पेटणाऱ्या शेकोट्या, कोळसा, सगळ्यांचा वाटा आहे. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, त्यामुळे धूर वर चढतच नाही.

राग येतो तो नियमांचं जे झालं त्याचा. डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने कोळशावरच्या वीज केंद्रांना सल्फर डायऑक्साइड रोखायला दोन वर्षं दिली. मुदत वाढत गेली आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना धुरातून हा वायू काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक (सल्फर) कमी आहे, असं कारण दिलं गेलं. पण हा वायू हवेत गेला की त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात, आणि पीएम 2.5 मधले (म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांमधले) तेच कण फुप्फुसात खोल उतरतात. वायू मोजून ‘मर्यादेत आहे’ म्हणायचं आणि कणांचा हिशेबच धरायचा नाही, हे मला पटत नाही.

— नाशिकरोडहून, वहिनी

---

वहिनी,

अमेरिकेतल्या पिट्सबर्गहून लिहितोय. इथून नदीच्या वरच्या अंगाला डोनोरा गाव आहे. ऑक्टोबर 1948 मध्ये तुम्ही म्हणता तसाच थर त्या दरीवर बसला, कारखान्यांचा धूर अडकला आणि 20 माणसं गेली. अशा घटनांनी लोक जागे झाले, पुढे 1970 चा स्वच्छ हवा कायदा आला. आता तोच सैल होतोय. पीएम 2.5 ची वार्षिक मर्यादा 2024 मध्ये दर घनमीटर हवेत 12 वरून 9 मायक्रोग्रॅमवर आणली होती. 2025 मध्ये पर्यावरण खात्यानेच ती रद्द करावी म्हणून न्यायालयात अर्ज केला. अनेक कोळसा केंद्रांना धुरातल्या पाऱ्याच्या नव्या नियमातूनही दोन वर्षांची सूट मिळाली. हा पारा पाण्यात उतरतो, माशांत साठतो, आणि गरोदर बाईने ते खाल्ले की पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत जातो. आपल्या मंडळातल्या किती मुली आत्ता बाळंतपणाच्या वाटेवर आहेत!

इथे नियम बदलताना मसुद्यावर लोकांची मतं मागवतात. त्याला नागरिकत्व लागत नाही. व्हिसावर असलेल्यांनीही जरूर लिहावं.

— पिट्सबर्गचा दादा

---

दादा, हे फार कामाचं सांगितलंत.

पीएम 2.5 ची भारताची वार्षिक मर्यादा 40 मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची 5. म्हणजे इथे मर्यादा पाळली गेली तरी पोरांची छाती सुरक्षित आहे असं होत नाही. नाशिक राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे, तेव्हा महापालिकेला निधी कुठे खर्च झाला हे विचारता येतं. कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायला निघाले, तेव्हा 2025 मध्ये नाशिककर रस्त्यावर उतरलेच होते. 2027 च्या कुंभाच्या कामांची धूळही शहरावरच बसणार. शाळांजवळ हवा मोजावी आणि आकडे फाटकावर लावावेत, एवढी मागणी आधी करू. मराठी अर्ज मी लिहिते. तुमच्याकडच्या मसुद्यांवरची इंग्रजी पत्रं तुम्ही घ्या, आणि पुढच्या बैठकीत हा विषय पहिला ठेवा.

— वहिनी