क्षमता, कार्यक्षमता की उतारा? इंजिनाच्या 'एफिशियन्सी'ला मराठीत काय म्हणावं

अनुवादिनी

नमस्कार मंडळी. गेली बारा वर्षं मी वाहनांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणते. सध्या ई२० पेट्रोलवर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, चालणाऱ्या गाडीची पुस्तिका हातात आहे, आणि एका शब्दापाशी तीन दिवस अडून बसले आहे: एफिशियन्सी.

वाक्याचा आशय असा. या इंधनासाठी इंजिनाची एफिशियन्सी वाढवली आहे, तरीही एका लिटरमध्ये जाणारं अंतर पूर्वीपेक्षा थोडं कमी भरू शकतं. जुन्या आवृत्तीत कुणीतरी लिहून ठेवलंय: "इंजिनाची क्षमता वाढवली आहे, तरीही कार्यक्षमता कमी होऊ शकते." गाडी घेणाऱ्यानं यातून काय समजायचं?

'क्षमता' तर इथे चालणारच नाही. इंजिनाची क्षमता म्हणजे सीसी. '११९७ सीसी क्षमतेचं इंजिन' असं आपण सर्रास म्हणतो. वर्तमानपत्रांतही "इंजिनाची क्षमता वाढवण्यासाठी संशोधन" असे मथळे येतात आणि इंजिन मोठं केलं की तेवढ्याच इंधनात जास्त काम काढलं, हे बातमी संपेपर्यंत कळत नाही. हिंदीवरून उतरलेल्या जाहिरातींत 'इंधन दक्षता' दिसते. मराठी माणसाला दक्षता म्हटलं की दक्षता समिती आठवते, सावध राहणं आठवतं. 'मायलेज' आणि 'ॲव्हरेज' हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण ते लिटरमागच्या अंतराचे, इंजिनाचे नव्हेत.

मला दोन वेगळ्या गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द हवे आहेत. सुचवा.

पेठकर

ताई, अडचण खरी आहे. वाहनचाचणीच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून आधी अर्थ नीट मांडतो, शब्दाचं मग पाहू.

इंधन जळून १०० भाग उष्णता निघाली असं धरा. त्यातले किती भाग चाकं फिरवायच्या कामी आले, ती एफिशियन्सी. बाकीची उष्णता धुरावाटे जाते आणि रेडिएटरमधून जाते. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची १८९७ साली आउग्सबुर्गला चाचणी झाली तेव्हा आकडा आला २६.२ टक्के. त्या काळची वाफेची इंजिनं दहाच्या आसपास किंवा त्याखालीच घुटमळत होती, म्हणून तो आकडा ऐकून लोक थक्क झाले. २०१५ च्या टोयोटा प्रियसमध्ये पेट्रोल इंजिन सर्वोत्तम स्थितीत ४० टक्क्यांवर पोचलं. २०२१ मध्ये निस्साननं चाचणीत ५० टक्के गाठल्याचं जाहीर केलं, पण ते इंजिन फक्त वीज तयार करण्यासाठी, ठरावीक वेगानं चालणारं. म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षांत, जगभरच्या प्रयोगशाळा लागूनही, २६ वरून ४०-५०. यातला एकेक टक्का किती कष्टाचा आहे हे मी जवळून पाहिलंय. धुराचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडायचा, झडप कधी मिटायची ती वेळ बदलायची, दट्ट्याच्या कड्यांचं घर्षण कमी करायचं, आणि मग आठवडेच्या आठवडे आलेखावरची रेघ केसभर वर सरकते का ते पाहत बसायचं.

शब्द म्हणाल तर 'कार्यक्षमता' टाकून देऊ नका. पदार्थविज्ञानात 'कार्य' म्हणजे वर्क, ते या शब्दात आहे, आणि शाळेच्या पुस्तकांतून तो रुळलेला आहे. दोष शब्दाचा नाही. उपसंपादक जागा वाचवायला त्याचं 'क्षमता' करतात, तिथे घोळ होतो.

कृष्णाकाठ

पेठकरकाकांचा मान राखून थोडं वेगळं म्हणतो. 'कार्यक्षमता' या शब्दात गुणोत्तर कुठेच नाही. किती घातलं आणि किती निघालं, हा एफिशियन्सीचा जीव आहे. कार्यक्षम अधिकारी म्हणजे काम चोख करणारा. त्यानं किती घातलं, किती काढलं, हे कोण मोजतो?

आमच्याकडे या अर्थाचा रोजच्या वापरातला शब्द आहे: उतारा. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत सुरुवात केली, आता डिस्टिलरीकडे आहे. शंभर किलो उसातून साखर किती निघाली, तो साखर उतारा. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात १२ टक्क्यांच्या आसपास. शेतकऱ्याचा दरही त्याच्यावर. १०.२५ टक्के हा एफआरपीचा, म्हणजे उसाच्या सरकारी किमान दराचा, पाया, उतारा त्याच्या वर गेला की दर वाढतो. त्यामुळे सही करताना ज्याला पेन धरवत नाही असा म्हातारा शेतकरीसुद्धा दशांश चिन्हापर्यंत उतारा विचारतो. घाण्यावर शेंगदाण्याच्या तेलाचा उतारा म्हणतात, भातगिरणीत तांदळाचा.

मग 'इंजिनाचा उतारा ३८ टक्के' म्हटलं तर काय बिघडलं? शंभर उष्णता घातली, अडतीस काम उतरलं. समजावून सांगायची गरजच नाही. शिवाय आता गाडीत जे इथेनॉल जळतंय त्यातलं बरंच त्याच उसाचं. एकाच मालाला शेतापासून चाकापर्यंत एकच शब्द मिळेल.

रानजाई

कल्पना फार आवडली, पण 'उतारा' या बिचाऱ्या शब्दावर आधीच केवढी ओझी आहेत पाहा. तलाठ्याकडचा सातबाराचा उतारा. परीक्षेत 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा'. विषावरचा उतारा. आणि दृष्ट काढून तिठ्यावर ठेवतात तोही उतारा, आमच्या तळकोकणात तर हाच अर्थ आधी मनात येतो. 'इंजिनाचा उतारा' वाचून आमची आजी लिंबू-मिरची शोधेल.

मात्र या सगळ्यांच्या मुळाशी 'उतरणे' आहे: मोठ्या वहीतून कागदावर उतरलेलं, अंगावरून उतरवलेलं, उसातून उतरलेलं. म्हणून शब्दाला विरोध नाही, तो एकटा वापरायला विरोध आहे. 'साखर उतारा' म्हणताना कुणाचा गोंधळ होत नाही, कारण पुढे साखर आहे. तसं इथे पुढे काय लावणार? 'इंधन उतारा' म्हटलं तर इंधनच उतरल्यासारखं वाटतं, म्हणजे उलटा अर्थ. उतरतं ते काम. मग 'कार्य-उतारा'?

दहा-अकरा पाना

मी ग्यारेजवाला, इस्लामपूर भागातला. पुस्तकी भाषा येत नाही, पण गिऱ्हाईक काय बोलतं ते सांगतो. कुणी कार्यक्षमता म्हणत नाही, कुणी मायलेजपण म्हणत नाही. "दादा, गाडी देत नाही." एवढंच. काय देत नाही ते विचारायचं नसतं. "पहिली पन्नास द्यायची, आता पंचेचाळीसवर आलीय." "लय तेल पिती." पेट्रोलला खेड्यात अजून तेलच म्हणतात.

ई२० वर रोज एक तरी भांडण होतं. पंपावाल्यानं पाणी मिसळलं म्हणतात. मी काचेची १०० मिलीची नळी ठेवलीय. पन्नासपर्यंत पाणी, त्यावर पन्नास गिऱ्हाइकाच्याच टाकीतलं पेट्रोल, बूच लावून हलवायची आणि गाडीच्या सीटवर उभी करून ठेवायची. दोन मिनिटांत थर वेगळे होतात. पाण्याची रेघ पन्नासवर होती ती साठाजवळ गेलेली दिसते, वर पेट्रोल चाळीसच्या आसपास. म्हणजे त्यातलं दहा मिली इथेनॉल पाण्यात गेलं. माणूस नळी डोळ्यांजवळ धरून बघतो आणि गप होतो. पण पुढचा प्रश्न येतोच: मग ॲव्हरेज का पडलं? तिथं माझे शब्द संपतात. ते तुम्ही द्या.

पेठकर

पानासाहेब, हे छान सांगितलंत. उत्तर देतो, आणि ताईंना दोन शब्द का हवेत तेही यातच आहे.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. पाचात चार भाग पेट्रोल आणि एक भाग इथेनॉल घातलं की लिटर भरतो ३० च्या जरा खाली. म्हणजे इंजिन तेच, काम तेच, पण लिटरमध्ये आलेली उष्णताच सुमारे ७ टक्के कमी.

आता दुसरी बाजू. इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच वरचा, म्हणून इंजिन नॉक न करता, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून ठोके न बसता, ते अधिक दाबता येतं. अधिक दाबलं की एफिशियन्सी वाढते. समजा एखादी गाडी शुद्ध पेट्रोलवर लिटरला १८ किलोमीटर द्यायची. काहीच बदल न करता ई२० घातलं तर ती पावणेसतरावर येईल. तिचं इंजिन ई२० साठी नव्यानं बांधून एफिशियन्सी ३० वरून साडेएकतीस केली, तर ती साडेसतरा देईल. इंजिन पूर्वीपेक्षा सरस आणि तरी अंतर पूर्वीपेक्षा कमी! निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात हाच फरक आहे. मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला जुळवून घेतलेल्या चारचाकीला ई२० वर ६ ते ७ टक्के फटका, आणि ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेलीला १ ते २ टक्के.

'मायलेज वाढवणारं संशोधन' असं सरसकट लिहिणाऱ्यांना हे वाक्य कधीच लिहिता येणार नाही. त्यामुळे, कृष्णाकाठ, 'उतारा' या शब्दाकडे मी आता गांभीर्यानं पाहतोय.

अनुवादिनी

पेठकरकाका, तीन दिवसांचा गुंता सुटला. मनापासून आभार. लिटरमागच्या अंतरासाठी 'ॲव्हरेज'च ठेवते. शब्द इंग्रजी असला तरी त्याला मराठीत जो अर्थ आहे तो इंग्रजीत नाही, तो आपण घडवलाय. 'सरासरी' लिहिलं तर कुणीही क्रिकेट समजेल.

आता त्याच पुस्तिकेतले आणखी दोन खडे. 'स्वच्छ इंधन' आणि 'इंधन घट' (फ्युएल सेल, हायड्रोजनसारख्या इंधनापासून थेट वीज करणारं साधन). मला दोन्ही खटकतात.

रानजाई

'इंधन घट' तर फसवाच. घट म्हणजे कमी होणं आणि घट म्हणजे विद्युत घटातला घट. "इंधन घटावर चालणारी बस" हे ठीक, पण मथळ्यात नुसतं "इंधन घट संशोधनाला चालना" आलं तर तुटवडा पडल्यासारखं वाटतं. सोडवणूक व्याकरणात आहे. विद्युत घट तो, म्हणून घटाचा, घटावर. कमी होणं ती घट, म्हणून घटीचा, घटीमुळे. तेव्हा विभक्ती लावूनच लिहा, उघडा शब्द सोडू नका. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था आणि पुण्याची केपीआयटी कंपनी यांनी मिळून बनवलेली हायड्रोजनची बस पुण्यात दाखवली गेली, तिच्यासाठी मी 'इंधन घटावरची बस' असंच लिहिलं होतं.

अवांतर: 'इंधन' हा शब्द संस्कृतातल्या 'इन्ध्' म्हणजे पेटवणे या धातूचा. 'समिधा'ही त्याच घरची. चुलीपुढचं जळण, होमातली समिधा आणि टाकीतलं पेट्रोल ही सख्खी भावंडं आहेत, हे कळल्यापासून मला हा शब्द फार जवळचा वाटतो.

पेठकर

'स्वच्छ'बद्दल माझा आग्रह असा की शब्द ठेवा, पण कशापासून स्वच्छ ते दर वेळी सांगा. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे वाहनांच्या धुराचे नवे कडक नियम, आले तेव्हा इंधनातलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आणलं गेलं. तो गंधकापुरता स्वच्छपणा. कार्बन डायऑक्साइड त्यानं कमी होत नाही. हायड्रोजन घटात वापरला तर फक्त पाणी निघतं, पण तोच हायड्रोजन इंजिनात जाळला तर कर्ब नसला तरी हवेतल्या नायट्रोजनची ऑक्साइडं होतातच, कारण ती उष्णतेमुळे होतात. इंधन एकच, नाव एकच, धूर वेगळा. 'कमी गंधकाचं', 'बिनशिशाचं', 'कमी धुराचं' हे शब्द लांबट वाटतील, पण फसवत नाहीत. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं, तेव्हा 'शिसेविरहित' हा शब्द पंपावर लागला आणि सगळ्यांना कळला. त्या जागी 'स्वच्छ पेट्रोल' लिहिलं असतं तर काय काढलं हे कुणाला कळलं नसतं.

कृष्णाकाठ

काकांना पूर्ण अनुमोदन. आमच्याकडची अशीच एक गफलत सांगतो: मळी. डिस्टिलरीत जिच्यापासून इथेनॉल होतं ती काळी, दाट मळी, म्हणजे मोलॅसिस. आणि रस गाळल्यावर उरणारा, शेतात खत म्हणून टाकतात तो प्रेसमड, त्यालाही शेतकरी मळीच म्हणतात. पूर्वी बोलताना कळून जायचं. आता प्रेसमडपासून वाहनांसाठी बायोगॅस काढतात, म्हणजे दोन्ही मळ्यांचं इंधन होतंय, आणि बातमीत "मळीपासून इंधन" एवढंच असतं. लिहिणाऱ्यांनी पहिलीला 'मळी' आणि दुसरीला 'प्रेसमड' म्हणावं, एवढी विनंती.

दहा-अकरा पाना

काल एक ऊसवाले आण्णा आले होते, नवी गाडी, ई२० वाली. तीच तक्रार. नळी दाखवली, आणि या वेळी वरचं वाचून सांगून बघितलं. म्हटलं, आण्णा, इंजिनाचा उतारा वाढवलाय कंपनीनं, पण लिटरात गरमी कमी हाय. थोडं थांबले, नळी परत हातात घेतली आणि म्हणाले, "म्हणजे कारखाना सुधारला, पर रस पातळ आला."

आता मी सगळ्यांना हेच सांगतोय.

अनुवादिनी

पानादादा, आण्णांना माझा नमस्कार सांगा. पुस्तिकेतलं वाक्य असं केलंय: "या इंजिनाचा कार्य-उतारा, म्हणजे शंभर भाग उष्णतेतून मिळणारं काम, वाढवलेला आहे. ई२० च्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी असल्यामुळे ॲव्हरेज मात्र थोडं कमी पडू शकतं." सोमवारी पाठवायचं आहे. तोवर काही खटकलं तर सांगा.