मदत हवी आहे: उडत्या स्पिटफायरचा पंखा फोटोत थिजलेला दिसतो

रानवारा

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या एअर शोचे फोटो मनासारखे आलेले नाहीत. पुढचा शो ओल्ड वॉर्डनला आहे, शटलवर्थ कलेक्शन या जुन्या विमानांच्या संग्रहालयाचा, संध्याकाळचा. त्याआधी चुका कळल्या तर बरं होईल.

कॅमेरा कॅनन आर-७, लेन्स आरएफ १००-५००. शटर १/१६०० (सेकंदाचा १६०० वा भाग), अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/७.१, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो, इलेक्ट्रॉनिक शटर, सेकंदाला ३० फ्रेम.

स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) अगदी शार्प आलंय, रिव्हेट मोजता येतात, पण पंख्याची चारही पाती जागच्या जागी थिजलेली. दोऱ्याला टांगलेलं मॉडेल वाटतं. काही फ्रेममध्ये तर पाती विळ्यासारखी वाकलेली दिसतात. शटर १/१०० वर आणलं तर नाक शार्प आणि शेपूट पुसट, नाहीतर सगळंच पुसट. शिवाय दुपारच्या फोटोंत विमानाची नुसती काळी सावली.

शटर नक्की किती ठेवायचं? कुणी १/२५० सांगतं, कुणी १/१२५. आणि ओल्ड वॉर्डनला ब्लेरियो हे अगदी जुनं विमान उडताना दिसेल का?

वाईकर

आधी वाकलेल्या पात्यांचं, कारण ते एका मिनिटात सुटतं. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. त्यात सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि आर-७ ला त्यासाठी साधारण १/३० सेकंद लागतो. तेवढ्या वेळात पातं कितीतरी अंश पुढे गेलेलं असतं, म्हणून वरच्या ओळीत ते एका जागी आणि खालच्या ओळीत भलत्याच जागी. १/१६०० ठेवूनही हा दोष जात नाही, कारण १/१६०० हा प्रत्येक ओळीचा वेळ झाला, अख्ख्या चित्राचा नव्हे. मेकॅनिकल शटर लावा. सेकंदाला १५ फ्रेम मिळतील, तेवढ्या भरपूर झाल्या.

आता शटर किती. ऐकीव आकडा वापरू नका, हिशोब करा. सोपा आहे:

पंख्याचे मिनिटाला फेरे × ६ = पातं सेकंदाला किती अंश फिरतं. त्याला शटरच्या खालच्या आकड्याने भागा, म्हणजे फोटोत पातं किती अंश पसरेल ते कळतं.

स्पिटफायरचं मर्लिन इंजिन डिस्प्लेत साधारण २४०० फेऱ्यांवर असतं असं धरा. पण पंखा इंजिनाच्या वेगाने फिरत नाही. मध्ये वेग कमी करणारा रिडक्शन गिअर असतो, मार्क ५ आणि बहुतेक मार्क ९ (मार्क म्हणजे स्पिटफायरची आवृत्ती) मध्ये ०.४७७ चा. म्हणजे पंखा सुमारे ११४५ फेरे. गुणिले ६, साधारण ६८७० अंश सेकंदाला.

१/१६०० ला जेमतेम ४ अंश. थिजणारच.
१/५०० ला १४ अंश. कडा किंचित मऊ, पण अजून थिजलेलाच.
१/२५० ला २७ अंश. फिरतोय हे कळतं, पण जीव नाही.
१/१२५ ला ५५ अंश. हे हवं.
१/८० ला ८६ अंश. चार पात्यांची जवळजवळ पूर्ण चकती.

डोळ्याला ४० ते ६० अंश सर्वांत बरे वाटतात. पाती वेगळी ओळखू येतात आणि वेगही दिसतो. पूर्ण चकती हवी असेल तर चार पात्यांना ९० अंश लागतात, तीन पात्यांना १२०. ओल्ड वॉर्डनच्या मार्क ५ ला तीन पाती आहेत, डक्सफर्डला दिसणाऱ्या बहुतेक मार्क ९ ना चार. मार्क १४ ला पाच पाती, दोन पात्यांत ७२ अंशच अंतर. तिथे १/१६० ते १/२०० वर थांबा, नाहीतर पाती एकमेकांत मिसळून धुरकट गोल तेवढा उरतो. (१९७० च्या दशकात भारतातून बरीच स्पिटफायर ब्रिटनला परत गेली, त्यांत मार्क १४ आणि मार्क १८ होती. पाच पात्यांचं स्पिटफायर दिसलं तर त्याचा इतिहास जरूर वाचा.)

ध्रुवतारा७

वाईकरांचा हिशोब बरोबर, पण तो हवेतल्या विमानाचा. जमिनीवर घोटाळा होतो. टॅक्सी करताना (जमिनीवर चालताना) मर्लिन ७०० फेऱ्यांच्या आसपास असतं, म्हणजे पंखा ३३४. तिथे १/१२५ लावलं तर १६ अंशच मिळतात, पंखा पुन्हा थिजतो. टॅक्सी करणाऱ्या विमानाला १/३० ते १/४०. विमान सावकाश चालतं, त्यामुळे हे जमतं.

उलट टायगर मॉथ हे दोन मजली पंखांचं सरावाचं विमान. त्याच्या जिप्सी मेजर इंजिनाला गिअर नाही, पंखा थेट क्रँकशाफ्टवर. २००० फेरे म्हणजे १२,००० अंश सेकंदाला. १/२०० ला ६० अंश मिळतात, १/२५० ला ४८. हार्वर्ड हे सरावाचं विमानही तसंच, थेट पंखा, १/२०० ला काम होतं. म्हणजे ‘१/२५०’ सांगणारे आणि ‘१/१२५’ सांगणारे दोघंही खरं बोलतायत, फक्त विमानं वेगळी आहेत.

अजून एक. स्पिटफायर, मस्टँग अशा लढाऊ विमानांना कॉन्स्टंट स्पीड पंखा असतो. वैमानिकाने थ्रॉटल मागे घेतला की आवाज बदलतो, पण फेरे तेच राहतात, कारण पात्यांचा कोन आपोआप बदलतो. त्यामुळे आवाज ऐकून शटर बदलत बसू नका. टायगर मॉथचा पंखा लाकडी, कोन ठरलेला. तिथे विमानाने खाली सूर मारला तर फेरे वाढतात, थ्रॉटल बंद केला तर फेरे खरोखर उतरतात.

रानवारा

हे कुणीच असं फोड करून सांगितलं नव्हतं, आभार. पण १/१२५ ला ५०० मिमीवर हात कसा स्थिर ठेवायचा? आणि नाक शार्प, शेपूट पुसट हे का?

मृण्मयी

शेपूट पुसट येते यात तुमच्या हाताचा दोष थोडाच आहे. विमान समोरून आडवं जाताना आपल्या नजरेसमोर वळतही असतं: आधी नाकाची बाजू दिसते, मग पूर्ण कूस, मग शेपटीची बाजू. शटर उघडं असताना नाक आणि शेपूट वेगवेगळ्या वेगाने सरकतात. तुम्ही कॅमेरा एकाच वेगाने फिरवणार, म्हणून एकच भाग जुळतो. विमान जितकं जवळ, तितका हा फरक जास्त. उपाय दोन. फोकस पॉइंट नाकावर न ठेवता कॉकपिटवर ठेवा, कारण बघणाऱ्याची नजर तिथेच जाते. आणि विमान वळण घेत पाठ दाखवतं तो क्षण धरा. वळणात ते तुमच्याभोवती फिरत असतं, तेव्हा त्याची बाजू फारशी बदलत नाही आणि नाकापासून शेपटीपर्यंत सगळं एकत्र जुळतं.

ओल्ड वॉर्डन यासाठीच सोनं आहे. तिथली डिस्प्ले लाइन, म्हणजे विमानं ज्या रेषेवरून उडतात ती, सरळ नाही, वाकलेली आहे. विमानं प्रेक्षकांभोवती वळसा घेत पंखांची वरची बाजू दाखवत जातात. त्या वळणापाशी उभे राहा.

पॅनिंगचं, म्हणजे विमानाबरोबर कॅमेरा फिरवण्याचं म्हणाल तर पाय आधी. विमान सर्वांत जवळ येईल त्या दिशेला दोन्ही पावलांची बोटं करा, पावलं खांद्याइतकी लांब. मग पावलं न हलवता कमरेतून विमान येणार त्या बाजूला वळा. विमान आलं की कंबर उलगडत यायची. बहुतेक जण उलटं करतात, विमानाकडे तोंड करून उभे राहतात आणि ऐन मोक्याच्या क्षणी कंबर पिळलेली असते, तिथे झटका बसतो. डावा हात लेन्सच्या पुढच्या भागाखाली, कोपर बरगडीला टेकलेलं. शटर दाबून झाल्यावरही सेकंदभर फिरवत राहा.

लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हादरे शोषणारी सोय) मोड २ वर. मोड १ आडव्या हालचालीलाही हादरा समजून अडवू पाहतो. फोकस सर्वो (हलत्या वस्तूमागे सतत जाणारा), आणि तो कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर घ्या. ट्रायपॉड नको, वर चढणाऱ्या विमानामागे तो जात नाही.

१/१२५ ला दहातले दोन फोटो शार्प आले तरी उत्तम म्हणायचं. म्हणून प्रत्येक विमानाची पहिली फेरी १/३२० वर काढून ठेवा, मग १/१६०, मग १/१२५.

वाईकर

मृण्मयीताई, बाकी सगळं पटलं, १/३२० नाही पटलं. स्पिटफायरला ते २१ अंश होतात. ना धड थिजलेला, ना फिरता. तो फोटो ठेवूनही नंतर उघडला जात नाही. हात बसवायचा तर पहिल्या फेरीपासून १/१६० वरच बसवावा.

उजेडाचं कुणी बोललं नाही, तिथे खरा खड्डा आहे. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि १/१२५ ला अपर्चर एफ/१४ च्या आसपास जातं. आर-७ चे पिक्सेल बारीक आहेत, एफ/१४ ला डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो त्यामुळे) अख्खं चित्र मऊ पडतं आणि तुम्हाला वाटतं हात हलला. सेन्सरवरची धूळही निळ्या आकाशात ठिपक्यांसारखी उठून दिसते. या लेन्सला ७७ मिमीचा फिल्टर लागतो. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला की दीड ते दोन स्टॉप कमी होतात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), एफ/८ वर येता. एनडी४ हा उजेड कापणारा काळसर फिल्टर घेतलात तर दोन स्टॉप, म्हणजे एफ/७.१, जी ५०० मिमीला या लेन्सची उघडण्याची हद्दच आहे. एनडी८ घेऊ नका, ढग आला की अडकाल. ढग दाटले तर फिल्टर काढून खिशात.

ध्रुवतारा७

काळ्या सावलीचं कारण डक्सफर्डची रचना. प्रेक्षक धावपट्टीच्या उत्तरेला असतात आणि तोंड दक्षिणेकडे, थोडं आग्नेयेला. भर दुपारी सूर्य समोर. त्यावर इलाज जागेचा. शो दुपारी रंगतो, तेव्हा सूर्य उजवीकडे कलत जातो. मैदानाच्या पश्चिम टोकाला उभे राहून डावीकडून येणारी विमानं टिपा, ऊन पाठीमागून उजवीकडून मिळेल. पूर्वेच्या, एम-११ मोटरवेच्या टोकाला तीच विमानं काळी येतात.

करड्या आकाशासमोर एक्स्पोजर +२/३ ते +१ १/३ पर्यंत वाढवा. कॅमेरा आकाश पाहून फसतो आणि विमान काळं करतो. विमान खाली झाडांच्या हिरव्या पट्ट्यासमोर आलं की ते परत शून्यावर आणायचं, हे मात्र विसरू नका, नाहीतर विमानावरचे पांढरे पट्टे जळतात. उन्हात तापलेल्या डांबरावरून उठणाऱ्या झळा कुठल्याच सेटिंगने जात नाहीत. लांबची धावपट्टीवरची विमानं सोडून द्या.

ब्लेरियोबद्दल: वारा जवळजवळ पडला तरच. १९०९ चं यंत्र, तीन सिलिंडरचं अँझानी इंजिन, २५ अश्वशक्ती. त्याला आपल्या ओळखीचे एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) नाहीत, वळायला अख्खा पंख पिळावा लागतो. झुळकीलाही ते पुरे पडत नाही. उडतं तेव्हाही सरळ रेषेत, गवतापासून थोड्याच उंचीवर एक छोटी झेप घेऊन उतरतं. म्हणूनच संध्याकाळचा शो निवडलात हे चांगलं केलंत. दिवस मावळताना वारा पडतो आणि ही जुनी मंडळी शेवटी बाहेर काढतात. शेवटच्या स्पिटफायरनंतर गाडीकडे पळू नका.

रानवारा

आणि पहिल्या महायुद्धातली? सॉपविथ पपला शटर किती?

वाईकर

पपचं ल रोन हे रोटरी इंजिन. क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट बांधलेला, नऊ सिलिंडरचं आख्खं इंजिनच पंख्यासकट गरगर फिरतं. फेरे सुमारे १२००, म्हणजे ७२०० अंश सेकंदाला. १/१२५ ला ५८. विमान इतकं सावकाश जातं की तिथे १/१०० सुद्धा जमतं. उतरताना इंजिन मध्येच बंद-चालू, बंद-चालू ऐकू येईल. बिघाड नाही तो. नेहमीसारखा थ्रॉटल त्याला नाही, वैमानिक बटणाने ठिणगी तोडून वेग उतरवतो. ठिणगी तुटली की फेरे पडतात, तेव्हा फोटो थांबवा. वंगण म्हणून त्यात एरंडेल जातं आणि तेही जळून बाहेर पडतं. वारा तुमच्याकडे असेल तर कुंपणापाशी एरंडेलाचा वास येईल.

ओल्ड वॉर्डनला लाल रंगाचं डी.एच. ८८ कॉमेट बाहेर काढलं तर त्याला १/२०० द्या, थेट पंखे आहेत. १९३४ च्या ऑक्टोबरमध्ये मिल्डनहॉल ते मेलबर्न ही शर्यत याच विमानाने सुमारे ७१ तासांत जिंकली, वाटेत बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर आणि डार्विन करत. अलाहाबादला उतरलेलं ते यंत्र आजही ओल्ड वॉर्डनच्या हँगरमध्ये उभं आहे.

मृण्मयी

दोन बारीक गोष्टी. आर-७ चा बफर (फोटो तात्पुरते साठवायची जागा) रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलींत, तीन-चार सेकंदांत भरतो. सी-रॉ (आकाराने लहान रॉ) लावा आणि विमान लांब असताना बटण दाबून ठेवू नका, नाहीतर पाठ दाखवायच्या क्षणी कॅमेरा अडतो. कार्ड यूएचएस-२ हे वेगवान प्रकारचं घ्या.

ओल्ड वॉर्डनचं जवळचं स्टेशन बिगल्सवेड. तिथून टॅक्सी, आणि परतीची टॅक्सी आधीच सांगून ठेवा. सराव मात्र आत्तापासून करा: घराजवळच्या रस्त्याकडेला उभं राहून जाणाऱ्या गाड्या १/१२५ वर, नंबर प्लेट वाचता आली पाहिजे आणि चाकाचे आरे पसरलेले दिसले पाहिजेत. रोज पन्नास फ्रेम.

रानवारा

पोलरायझर आजच मागवतो. १/१६० पासून सुरुवात करेन आणि शो झाला की फोटो याच धाग्यात टाकेन.