जन्मसाल मीच खोटं टाकलं होतं

ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवू न देण्याचा कायदा १० डिसेंबर २०२५ ला लागू झाला. ती बातमी वाचून लेकीने विचारलं, "आई, माझ्या खात्यावर माझं वय किती आहे गं?" पोटात गोळाच आला.

ती नऊ वर्षांची होती. नाचाचे व्हिडिओ हवे होते, फॉर्म १३ च्या खाली पुढे सरकेना. मी माझंच जन्मसाल टाकून मोकळी झाले. त्या अ‍ॅपच्या लेखी ती चाळिशीची बाई. खातं आपोआप खासगी राहणं, अनोळखी माणसांचे मेसेज अडवणं, हे लहान वयासाठीचं काहीच तिला लागू झालं नाही. अकराव्या वर्षी कुणा पुरुषाचे मेसेज यायला लागले. तिने चार महिने सांगितलं नाही, का तर "तू खातं बंद करशील."

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. मला वाचायचंय.

---

ताई, चार महिने वाचून गलबललं. पण शेवटी तुमच्याकडेच आली ना ती. माझ्या भाच्याचं आम्हाला दुसऱ्याच मुलाच्या आईकडून कळलं. बाकी रात्री लिहिते.

---

१३ च्या आकड्याबद्दल. तो मुलांची समज मोजून ठरवलेला नाही. अमेरिकेत १९९८ साली कोप्पा कायदा झाला: १३ खालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायची नाही. संमती घेत बसण्यापेक्षा कंपन्यांनी "१३ पूर्ण" अशी अटच घातली. म्हणजे मुळात तो माहिती जपायचा कायदा, आणि आपण सगळे त्याला मुलं मोठी झाल्याचा दाखला समजतो! युरोपात मुलांनी स्वतः अशी संमती द्यायचं वय १६, पण देशांना १३ पर्यंत खाली यायची मुभा. भारताच्या २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात तर १८ पर्यंत मूलच, आणि मुलांच्या मागावर राहून जाहिराती दाखवायला मनाई.

---

आमच्याकडे गुन्हेगार मीच. मुलाचे टबातले, रडके, सगळे फोटो मी टाकत होते, खातं सगळ्यांना खुलं. आठवीत वर्गातल्या मुलांनी ते शोधले, त्याचं घरातलं लाडाचं नाव वर्गभर झालं. मला म्हणाला, "माझे फोटो होते, मला विचारलंस का?" तीनशेच्या वर फोटो एकेक करून काढले. ज्यांनी उतरवून घेतले त्यांच्याकडे आहेतच.

---

फोटोवरून आठवलं, फोटोत जागेची नोंद जाते म्हणतात ती बंद कुठून करायची?

---

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आहे बघा, ते बंद करा. जुन्या फोटोंत नोंद तशीच राहते, मूळ फाइल कुणाला पाठवताना ती काढून पाठवा. आणि मागे शाळेची पाटी किंवा गणवेश दिसत असेल तर ही सेटिंग काहीच कामाची नाही.

---

सापडलं, बंद केलं. धन्यवाद 🙏

---

वय तपासणार कसं, ते कुणी बोलत नाहीये. ओळखपत्र नाहीतर चेहरा द्यायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपनेच जाहीर केलं की बाहेरच्या एका सेवा कंपनीकडून सुमारे ७०,००० जणांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत. वयाच्या तक्रारीसाठी लोकांनी दिलेले होते ते! पासवर्ड बदलता येतो. मुलाचा चेहरा कसा बदलणार?

---

माझं मत वेगळं पडेल. माझा मुलगा बोलताना अडखळतो. वर्गात तोंड उघडत नाही. त्याचे दोन जिवलग मित्र त्याला ऑनलाइनच भेटले, तिथे तो लिहून हसवतो सगळ्यांना. १६ पर्यंत बंद म्हटलं की मला आधी त्याचा चेहरा दिसतो. दारावर कुणी आलंय, नंतर येते.

---

+१, आणि तुमच्या लेकाला खूप प्रेम.

---

धागाकर्त्या ताई, राग मानू नका. हे सगळं लेकीला विचारून लिहिलंत ना?

---

नव्हतं विचारलं. तुमचा प्रश्न वाचून हात थांबला. आत्ता तिला अख्खा धागा वाचायला दिला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मेसेजचं राहू दे, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. पण मी कुठल्या गाण्यावर नाचायचे ते लिहिलंयस, ते काढ." काढलंय. जुनं खातंही आज तिनेच बंद केलं, मी शेजारी बसले होते.