कापसाऐवजी लिनन: खरंच शक्य आहे का?

सूतगुंडी
'पर्यावरणाची काळजी असेल तर कापूस सोडा, लिनन घाला' हा सल्ला मला पटतो. लिनन ज्या जवसाच्या खोडातल्या तंतूपासून बनतं, तो जवस शंभरेक दिवसांत तयार होतो. उत्तर फ्रान्स-बेल्जियमच्या पट्ट्यात तो बहुतांशी पावसावरच येतो आणि खतंही बेताचीच लागतात. तरी जगातल्या एकूण तंतूंत त्याचा वाटा एक टक्काही नाही. का?

आडवा_धागा
कारण तुम्ही शेतापाशीच थांबलात! कापसाचं बोंड फुटलं की तंतू समोर असतो. वेचा, सरकी काढा, झालं. जवसाचा तंतू खोडाच्या सालीत पेक्टिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने चिकटलेला. तंतूची लांबी वाया जाऊ नये म्हणून रोपं कापत नाहीत, मुळासकट उपटतात आणि शेतातच पसरून ठेवतात. दव पडतं, बुरशी हळूहळू पेक्टिन खाते, मधे एकदा सगळं उलटायचं. असे कित्येक आठवडे. हवा कोरडी राहिली तर साल सुटत नाही, पाऊस लागून राहिला तर तंतूच सडतो. अशी नेमकी हवा सगळीकडे मिळत नाही.

नदीकाठी
पाण्यात कुजवता येतं की. बेल्जियममध्ये लाइस नदीत जवस भिजवायचे, धागा सोनेरी निघायचा.

आडवा_धागा
आणि नदीचं काय व्हायचं? कुजणारा जवस पाण्यातला प्राणवायू संपवतो, मासे मरतात. सोळाव्या शतकात, राजा आठव्या हेन्रीच्या काळातच इंग्लंडमध्ये वाहत्या पाण्यात जवस भिजवण्याविरुद्ध कायदा करावा लागला होता.

सूतगुंडी
जुनं उगाळू नका, युरोपात आता दवावरच काम चालतं. शिवाय लिनन ओलं झालं की आणखी मजबूत होतं, वर्षानुवर्षं टिकतं. टिकाऊपणा हिशोबात धरणार की नाही?

आडवा_धागा
धरतो, पण लांब तंतूच्या लिननसाठी. स्वस्तात विकायचं म्हणून तोच तंतू तोडून आखूड करतात आणि कापसाच्या चात्यांवर कापसात मिसळून काततात. मग उपटण्याचा खटाटोप कशाला केला? त्यात फ्रान्समधला बराचसा तंतू कातायला चीनला जातो, तो प्रवासही मोजा.

नदीकाठी
एक राहिलंच. मर रोगामुळे त्याच शेतात जवस पुन्हा घ्यायला सहा-सात वर्षं थांबतात. कापसाची जागा भरायची तर एवढी जमीन आणणार कुठून?

सूतगुंडी
मधल्या वर्षांत गहू, बटाटा येतोच ना, जमीन पडीक थोडीच राहते! आणि सगळा कापूस हटवा असं मी कुठे म्हटलं? आजचा वाटा तिप्पट झाला तरी चालेल.