मदत हवी आहे: मैत्रीआड प्रेम दडवणाऱ्या मांगा (जपानी चित्रकथा) सुचवा

करुहो शिइना यांची ‘किमी नि तोदोके’ (३० खंड, २००५ ते २०१७) नुकतीच वाचून संपवली. नायक-नायिकेपेक्षा मला ऱ्यू आणि चिझुरूच जास्त भावले. लहानपणापासूनचे दोस्त, चिझुरूचा जीव ऱ्यूच्या थोरल्या भावावर, ऱ्यूचा तिच्यावर. भाऊ होणाऱ्या बायकोला घेऊन घरी येतो, चिझुरू कोलमडते, तेव्हाही हा आपलं मन पुढे करत नाही. त्याच्या वडिलांच्या रामेनच्या (जपानी नूडल सूप) दुकानात ती हक्काने येते. बोललो आणि ती यायचीच थांबली तर? ही त्याची भीती मला फार खरी वाटते.

मैत्री तुटेल म्हणून गप्प राहणाऱ्यांच्या आणखी मांगा सांगाल का? पूर्ण झालेल्या हव्यात, नुसत्या गैरसमजांवर ताणलेल्या नकोत. कॉलेज-नोकरीच्या वयातली पात्रं असतील तर आधी त्याच सुचवा. इंग्रजी अनुवाद चालेल.